एकाच रस्त्यावर जलवाहिनीची खोदाई आणि जत्रा: वाहतुकीचा आराखडा कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातले नगरपरिषदेचे एक कनिष्ठ अभियंता विचारतात: बसस्थानक ते देऊळ या मुख्य रस्त्यावर जलवाहिनीसाठी ८०० मीटर खोदाई करायची आहे. रस्ता ७ मीटर रुंद. दीड महिन्यावर ग्रामदैवताची चैत्रातली जत्रा आहे आणि रथ याच रस्त्याने जातो. वरिष्ठांनी ‘वाहतुकीचा आराखडा तयार करा’ एवढंच सांगितलंय. सुरुवात कुठून करू?

कॅलेंडरपासून करा. नकाशा नंतर.

दीड महिना म्हणजे ४५ दिवस, पण ते सगळे तुमच्या हातात नाहीत. चर बुजवला तरी भराव बसायला वेळ लागतो, आणि तुमच्या चरावरून रथ जाणार आहे. रथाचं सगळं वजन चार चाकांवर येतं आणि ओढणारी माणसं चाकापासून हातभर अंतरावर असतात. कच्च्या भरावात एक चाक रुतलं तर रथ कलतो, आणि मागून रेटणाऱ्या गर्दीला पुढे काय झालंय ते कळत नाही. म्हणून रथाच्या वाटेवरची खोदाई जत्रेच्या किमान पंधरा दिवस आधी संपलीच पाहिजे. भराव थराथराने टाका, प्रत्येक थर पाणी मारून दाबून घ्या, वर खडी आणि डांबर करा. मग भरलेला डंपर त्यावरून चार-पाच फेऱ्या चालवा आणि जिथे खचेल तिथे पुन्हा भरून घ्या. हे दिवसांत बसत नसेल तर देवळाकडचा टप्पा सरळ जत्रेनंतर धरा. मार्चअखेरचं बिल निघावं म्हणून सगळीकडून घाई होईल. त्या घाईला तोंडी विरोध टिकत नाही. तारखांसह टिपण लिहून फाइलला लावा.

आता आराखड्याकडे येऊ. बहुतेक आराखडे फसतात, कारण ते बातमी वाचलेल्या, फलक पाहिलेल्या, दिवसाउजेडी येणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. आराखडा करायचा तो परगावाहून रात्री अकराला दुचाकीवर बायको-मुलाला घेऊन येणाऱ्या माणसासाठी. त्याने काही वाचलेलं नाही, समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यांवर येतोय आणि हा रस्ता गेल्या महिन्यापर्यंत सरळ होता एवढंच त्याला ठाऊक आहे. तो सुखरूप गेला तर बाकीचे जातात.

हे मी एका अपघातातून शिकलो. दहा-बारा वर्षं झाली. असंच जलवाहिनीचं काम, आराखडा माझा, बॅरिकेडची ओळ मी स्वतः उभं राहून लावून घेतली होती. रात्री साडेअकराला एक तरुण दुचाकीसकट चरात पडला, पाय मोडला. सकाळी गेलो तर ओळीतली दोन बॅरिकेड शेजारच्या दुकानाच्या शटरला टेकवून ठेवलेली दिसली. ती जिथे होती तिथे वाळूची पोती मात्र तशीच पडलेली. संध्याकाळी दुकानात माल उतरवायला टेम्पो आला, त्याला वाट हवी होती, त्याने बॅरिकेड हलवली आणि परत लावली नाहीत. दिव्याची बॅटरीही उतरलेली होती. रखवालदाराला कुणी सांगितलंच नव्हतं की दर दोन तासांनी ओळ तपासायची. टेम्पोवाल्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण त्या दुकानात रोज संध्याकाळी माल उतरतो हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माझ्या नकाशात त्याला जागा नव्हती.

तेव्हापासून नकाशा काढण्याआधी मी रस्ता तीन वेळा पायी चालतो: आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, शाळा सुटताना, आणि रात्री दहानंतर. तुम्हीही चाला, सोबत मुकादमाला घ्या. दवाखाने, प्रसूतिगृह, शाळेचं फाटक, गॅस एजन्सी, दूध संकलन केंद्र, रिक्षांचा थांबा, कुणाची गाडी कुठल्या अंगणातून निघते, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठल्या दुकानात किती वाजता माल येतो, सगळं वहीत उतरवा. गल्लीतल्या एखाद्या आजींना विचारलं तर अर्ध्या तासात जे कळतं ते आठ दिवसांच्या मोजणीत कळत नाही.

मोजणी तरीही करा. बाजाराच्या दिवशी आणि साध्या दिवशी, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचे दोन-दोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाडून. दुचाकी, रिक्षा, मोटार, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पायी चालणारे वेगवेगळे लिहा. पायी चालणाऱ्यांचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि गावात तीच संख्या सर्वात मोठी निघते.

हे आकडे कशाशी ताडायचे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या चौकांसाठीच्या मार्गदर्शिकेत हिशेब आहे: सिग्नलच्या चौकात ७ मीटर रुंदीतून हिरव्या दिव्याच्या पूर्ण तासाला साधारण ३,६७५ मोटारींइतकी वाहनं जातात, ३.५ मीटरमधून १,८९०. तुमच्या गावात सिग्नल नसेल, पण प्रमाण लक्षात घ्या. निम्मा रस्ता खणलात की क्षमता निम्मी होते, आणि उरलेल्या अर्ध्यात एक टेम्पो उभा राहिला की ती शून्य होते. म्हणून खोदाईच्या टप्प्यात समोरच्या बाजूचं पार्किंग बंद करणं हा आराखड्याचा अर्धा भाग आहे.

७ मीटर रस्त्यात चर, मातीचा ढीग आणि जेसीबी मिळून निम्म्याहून जास्त जागा जाते. उरतात जेमतेम ३ मीटर. यात दोन्ही बाजूंची वाहनं एकाच वेळी सोडू नका. आळीपाळीने सोडा, दोन टोकांना दोन माणसं, हातात ‘थांबा’ आणि ‘जा’ची दुतोंडी पाटी. दोघं एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी द्या. फोनवर विसंबू नका, ऐन वेळी लागत नाही. आता लांबीचा हिशेब करा. १०० मीटरचा टप्पा ताशी १५ किलोमीटरने पार करायला २४ सेकंद लागतात. म्हणजे एका बाजूचं शेवटचं वाहन आत शिरल्यावर दुसऱ्या बाजूला तेवढा वेळ थांबायचंच. टप्पा ३०० मीटरचा केला की हा मोकळा जाणारा वेळ सव्वा मिनिटावर जातो, लोकांचा धीर सुटतो आणि दुचाक्या मधूनच शिरतात. ठेकेदाराला लांब चर सोयीचा असतो. पण ८०० मीटरचे आठ तुकडे करा आणि आधीचा तुकडा बुजून डांबर झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, अशी अट कार्यादेशातच घाला.

कामाच्या जागेची मांडणी कशी असावी हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत आहे, २०१४ची आवृत्ती मिळवून वाचा. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग धरले आहेत: आधी इशारा देणारा, मग वाहनांना हळूहळू बाजूला नेणारा, मग प्रत्यक्ष कामाचा, शेवटी वाहनांना पुन्हा मूळ मार्गावर आणणारा. आपल्याकडे तिसरा भाग दिसतो, दुसरा जवळजवळ कुठेच दिसत नाही. बॅरिकेड सरळ रस्त्यात आडवं टाकलेलं असतं. वाहन बाजूला न्यायला तिरकी ओळ लागते आणि तिची लांबी वेगावर ठरते. रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५, हे ताशी ६० किलोमीटरपर्यंतचं अमेरिकेत रूढ झालेलं सूत्र मी वापरतो. ३.५ मीटरची मार्गिका बंद करायची आणि वेग ४०, तर ओळ ३६ मीटरची. वेग ६० असेल तर ८१ मीटरची. वेग दीडपट झाला की ओळ दुपटीहून लांब होते, हे ठेकेदाराच्या माणसाला शंकू मांडून दाखवा. थांबायला लागणारं अंतरही लक्षात असू द्या: आपल्या मानकांनुसार ताशी ५० किलोमीटरला ६० मीटर, ८० ला १२० मीटर. पहिला फलक याच्या बराच अलीकडे हवा. गावात मी १००-१५० मीटर धरतो, महामार्गावर किलोमीटरभर आधीपासून सुरुवात करतो.

रात्रीसाठी नुसती लाल-पांढरी फीत बांधली तर काही बांधलं नाही असंच समजा. ती वाऱ्याने तुटते आणि अंधारात दिसत नाही. बॅरिकेडला दोन्ही बाजूंनी रेडियम हवं, आणि ते धुळीने माखतं म्हणून रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचं. हे काम एका माणसाच्या नावावर लिहा. रात्री ओळीच्या सुरुवातीला दिवा लुकलुकला पाहिजे. तपासणी अशी करा: रात्री स्वतः दुचाकी घेऊन दोन्ही दिशांनी या, हेडलाइट मंद ठेवून. जिथे तुमचा हात आपोआप ब्रेककडे जाईल, तिथे काहीतरी कमी आहे.

पायी चालणाऱ्यांसाठी दीड मीटरची वाट, चरापासून अलग, दोन्ही बाजूंना कठडा. प्रत्येक घराच्या आणि दुकानाच्या दारासमोर चरावर फळी नको, लोखंडी पत्र्याचा, कठडा असलेला साकव हवा. पाणी भरून येणारी बाई दोन हातांत दोन कळश्या घेऊन त्यावरून जाणार आहे.

पर्यायी मार्ग नकाशावर आखून मोकळे होऊ नका. एसटीच्या आगार व्यवस्थापकांना विनंती करून एक रिकामी बस त्या मार्गाने फिरवून घ्या, तुम्ही खाली चालत जा. एका गावात आम्ही तसं केलं. रस्त्याची रुंदी पुरेशी होती, वळणही कागदावर बसत होतं. पण बस वळताना तिचा मागचा कोपरा एका घराच्या ओट्यावर गेला. ओट्यावर म्हातारे गृहस्थ पाट टाकून बसले होते. रोज तिथेच बसतात म्हणाले. चालकाने वेळीच गाडी थांबवली. बारा मीटर लांबीच्या बसचा मागचा भाग चाकांच्या बाहेर किती फिरतो, हे टेपने नाही कळत. आम्ही अवजड वाहनांना गावाबाहेरून काढलं आणि बसचा थांबाच तात्पुरता हलवला. पर्यायी मार्गावर लोंबणाऱ्या तारा, झाडाच्या फांद्या, उघडी गटारं आणि गतिरोधकही बघा. आणि त्या मार्गावरच्या लोकांना आधी जाऊन भेटा. तुमच्या कामामुळे त्यांच्या दारातून दिवसाला शेकडो गाड्या जाणार आहेत.

परवानगीचं. रस्ता बंद करण्याचा किंवा एकेरी करण्याचा अधिकार ठेकेदाराचा नाही आणि तुमचाही नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ खाली तशी अधिसूचना निघावी लागते. बंदी एक महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करण्याची गरज नसते, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणून प्रस्ताव टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याच्या तारखा आणि नकाशासह पोलिसांकडे पाठवा. ठाण्याच्या निरीक्षकांना कागद पोचायच्या आधी जागेवर घेऊन जा. त्यांना जे चौक अडचणीचे वाटतात ते तुमच्या मोजणीत नसतीलही. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ हेही माहीत असू द्या: रस्त्याच्या बांधकामात आणि देखभालीत सुरक्षेची मानकं न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा जायबंदी झालं तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात ठेकेदाराबरोबर संबंधित प्राधिकरणही येतं.

आता जत्रा. हिचा आराखडा स्वतंत्र करा, कारण इथे हिशेब उलटा आहे. खोदाईत वाहनांना वाट द्यायची असते, जत्रेत माणसांना. आणि जत्रेत येण्यापेक्षा जाणं अवघड असतं. लोक सकाळपासून थोडे थोडे येतात, पण रथ देवळात पोचला की अर्ध्या तासात सगळे उठतात. पुण्याजवळ गहुंजेला क्रिकेटचा सामना असतो तेव्हा हेच होतं. हजारो माणसांचं मैदान, भरताना काही तास घेतं आणि रिकामं एकदमच होतं.

सपाट, मोकळ्या वाटेने मीटरभर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८० माणसं जातात असं क्रीडांगणांच्या नियोजनात धरतात. जत्रेत लहान मुलं, म्हातारी माणसं, हातात खेळणी आणि पिशव्या असतात, मी ५० धरतो. देवळाकडून बाहेर पडायची वाट ३ मीटर असेल तर मिनिटाला १५० माणसं, म्हणजे १० हजार लोकांना एक तास सात मिनिटं. तोवर मागचे रेटत राहणार. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या मनाने हलू शकत नाही, गर्दी त्याला हलवते. म्हणून बाहेरची दुसरी वाट शोधा, ती आतल्या वाटेशी कुठेही छेदू देऊ नका, आणि त्या वाटेवर एकही पाळणा किंवा मिठाईचं दुकान लागू देऊ नका. ठेल्यांच्या जागांचा लिलाव नगरपरिषदच करते ना? मग जागांची आखणी लिलावाआधी तुमच्या नकाशावरून झाली पाहिजे. पावती फाडल्यावर ठेला हलवणं फार कठीण.

वारीत पुण्यात जे होतं ते बघण्यासारखं आहे. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या शहरात मुक्काम करून निघतात आणि हडपसरला वेगळ्या होतात: एक दिवे घाटातून सासवडकडे, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. बंद रस्ते पालखी जसजशी पुढे सरकते तसतसे मागून खुले केले जातात. सगळा मार्ग दिवसभर बंद ठेवत नाहीत. तुमच्या रथालाही हेच लावा. आठशे मीटरचे तीन भाग करा, प्रत्येक भाग कुणी आणि काय दिसल्यावर खुला करायचा ते ठरवा. ‘सात वाजता’ असं लिहू नका. ‘रथ मारुतीच्या चौकातून पुढे गेल्यावर’ असं लिहा.

पार्किंग गावाबाहेर, येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर वेगळं. फिरायच्या जागेसह मोटारीला २५ चौरस मीटर धरा, म्हणजे एकरात साधारण १६०. दुचाकीला ३ चौरस मीटर. दार एकच ठेवलंत तर बाहेर पडताना पाच-सहा सेकंदांना एक मोटार निघते, ५०० मोटारींना पाऊण तास लागतो. म्हणून दोन दारं, आणि बाहेर पडणारी गाडी गावाकडे वळूच शकणार नाही असं बॅरिकेड. शेत भाड्याने घेत असाल तर आठवडाभर आधी पाणी देणं थांबवायला सांगा.

रुग्णवाहिकेसाठी एक रस्ता पूर्ण मोकळा ठेवा आणि तो कुणासाठीही उघडू नका, मान्यवरांच्या गाड्यांसाठी तर नाहीच. १०८ची गाडी कुठे उभी राहणार, देवळापाशी कुणी कोसळलं तर स्ट्रेचर कुठल्या बोळातून त्या गाडीपर्यंत येणार, हे आदल्या दिवशी स्ट्रेचर घेऊन चालून बघा. रथाची उंची मोजून महावितरणला कळवायचं विसरू नका.

वेळेच्या बाबतीत हात सैल ठेवा. २०२२ साली १ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल स्फोटाने पाडला. महामार्ग थांबवून, वाहतूक दुसरीकडे वळवून, महिन्यांची तयारी करून. स्फोट झाला, पण पुलाचा काही भाग उभाच राहिला आणि तो यंत्रांनी तोडून राडारोडा हलवावा लागला. इतक्या तयारीच्या कामातही असं होतं. तुमच्या गावात जुनी, नोंद नसलेली जलवाहिनी फुटेल, खडक लागेल, विजेची केबल सापडेल. लोकांना जी तारीख सांगाल ती तुमच्या अंदाजापेक्षा तीन दिवस पुढची सांगा. तारीख पुढे ढकलली की दुसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही.

प्रसिद्धीसाठी वर्तमानपत्रातली बातमी पुरत नाही. आठवडी बाजारात रिक्षावर भोंगा लावून फिरवा, शाळांतून चिठ्ठ्या द्या, एसटीच्या फलाटावर लावा, आजूबाजूच्या गावांच्या सरपंचांना गटावर नकाशा पाठवा. नकाशात रस्त्यांची कागदावरची नावं टाकू नका. लोक ‘पिंपळाचा चौक’ म्हणत असतील तर तेच लिहा.

कामाच्या जागी एक वही ठेवा. रोज सकाळी आणि रात्री ओळ कुणी तपासली, काय हललं होतं, कुठला दिवा बंद होता, कुणी तक्रार केली. एकाच ठिकाणचं बॅरिकेड तीनदा हललेलं दिसलं तर माणसाला रागावू नका, तिथे फट ठेवा आणि त्या फटीची नीट सोय करा. कुणाला तरी तिथून खरोखर जायचं आहे.

आणि प्रत्येक टप्पा संपला त्याच संध्याकाळी फलक उतरवा. ‘पुढे काम चालू’ची पाटी काम संपल्यावर महिनाभर तशीच राहिली की पुढच्या तुकड्याला लावलेल्या पाटीकडे कुणी बघत नाही. उतरवलेले फलक मोजून, पुसून, नगरपरिषदेच्या गोदामात नोंद करून ठेवा. जत्रेला तेच लागणार आहेत.